जुना फ्यूजबोर्ड काढून नवी डीबी बसवायची आहे? खर्चाचा अंदाज असा बांधा

‘डीबी बदलायला किती लागतील?’ असं फोनवर विचारलं की इलेक्ट्रिशियन एक आकडा सांगून मोकळा होतो. तो आकडा डब्याचा, म्हणजे घरातल्या लाइनींना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डाचा (डीबी), आणि आतल्या एमसीबींचा, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणाऱ्या (बंद होणाऱ्या) खटक्यांचा असतो. मग काम सुरू होतं आणि एकेक गोष्ट बाहेर पडायला लागते. खालून येणारी मेन वायर बारीक निघते, न्यूट्रल (वीज परत नेणाऱ्या वायरी) सगळे एकत्र गुंडाळलेले असतात, अर्थिंग नुसतं नावाला असतं. बिल दुप्पट होतं, कधी तिप्पट. दर वेळी त्यात लबाडी असते असं नाही. भिंतीमागे काय आहे ते आकडा सांगताना त्यानेही पाहिलेलं नसतं आणि तुम्हीही नाही.

म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलवण्याआधी तासभर बसून आपला अंदाज आपण करावा. त्याला विजेचं शिक्षण लागत नाही. वही, पेन, मोबाइलचा कॅमेरा आणि विजेचं शेवटचं बिल एवढं पुरतं. इथे मी सिंगल फेज मीटर असलेला, तीसेक वर्षांपूर्वीच्या इमारतीतला फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवला आहे. बंगल्याचं आणि थ्री फेजचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

एक गोष्ट मात्र आधी. बोर्डाचं झाकण तुम्ही उघडायचं नाही. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून त्या स्विचपर्यंत आलेल्या वायरींत वीज चालूच असते. इथे लिहिलेली सगळी पाहणी बाहेरून करायची आहे. उघडून बघायचं काम परवानाधारक माणसाचं.

पायरी १ : आहे ते नीट बघा

बोर्डाचे दिवसाउजेडी फोटो काढा: समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक आणि वायरी भिंतीत शिरतात तिथला एक. मग वहीत लिहा: चिनीमातीचे किटकॅट फ्यूज किती, मेन स्विच लोखंडी खटक्याचा आहे की नवा, त्याच्यावर किती अँपिअर लिहिलं आहे, इमारत साधारण कोणत्या साली बांधली. जुन्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या वायरी सापडतात. तांब्याच्या वायरीला नुसता पीळ मारून जोडलेली ॲल्युमिनियमची वायर हळूहळू सैल होते आणि तापते. तुमच्याकडे ॲल्युमिनियम निघालं तर हा लेख अर्धवट कामाचा आहे, कारण मग प्रश्न डीबीचा राहत नाही, सगळ्या घराच्या वायरिंगचा होतो.

तापल्याच्या खुणा शोधा. फ्यूजच्या कडेला आलेला तपकिरी डाग, मेन स्विचच्या डब्यावरचा फुगलेला रंग, गीझर किंवा एसी चालू असताना येणारा जळक्या प्लॅस्टिकचा वास. गीझर अर्धा तास चालल्यावर डब्याजवळ हाताची मागची बाजू न्या. स्पर्श न करताही ऊब जाणवली तर काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

फ्यूज वारंवार जायचा म्हणून कुणी त्यात जाड तार भरली आहे का, हेही घरातल्या जुन्या माणसांना विचारा. असं झालं असेल तर मागची वायर कधी ना कधी तिच्या ताकदीपलीकडे तापली असण्याची शक्यता मोठी. अंदाजात ती लाइन ‘बदलावी लागेल’ अशीच धरा.

पायरी २ : मे महिन्यातली रात्र आणि डिसेंबरातली सकाळ

आता घरातल्या उपकरणांची यादी करा आणि प्रत्येकाच्या पाटीवरचे वॅट लिहा. पाटी मिळाली नाही तर साधारण असं धरा: दीड टनाचा एसी १७००, एक टनाचा १२००, साठवणीचा गीझर २०००, इन्स्टंट गीझर ३०००, इंडक्शन शेगडी २०००, मायक्रोवेव्ह १२००, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन २०००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, फ्रिज २००, साधा पंखा ७५, टीव्ही १००. बंगल्यात एक हॉर्सपॉवरचा पंप असेल तर ७५० मांडा.

दोन एसी असलेल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची अशी बेरीज सहज साडेबारा हजार वॅटच्या पुढे जाते. आकडा बघून लोक घाबरतात आणि थ्री फेजच्या मागे लागतात. घाई नको, कारण सगळं एकाच वेळी चालत नाही. मी दोन चित्रं मांडायला सांगतो. पहिलं मे महिन्यातल्या रात्रीचं: दोन्ही एसी, पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज. हे होतात ३७०० वॅटच्या आसपास. दुसरं डिसेंबरातल्या सकाळचं: गीझर चालू, इंडक्शनवर चहा-पोहे, मिक्सरवर चटणी, फ्रिज, थोडे दिवे-पंखे आणि त्यातच कुणी वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलेलं. हे झाले ७१५० वॅट. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांची खरी परीक्षा उन्हाळ्यात नाही, थंडीतल्या सकाळी सात ते आठ या तासात होते.

वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. ७१५० भागिले २३० म्हणजे साधारण ३१. म्हणजे घराला ४० अँपिअरचा मेन पुरेल आणि थोडी जागाही राहील. हा एक आकडा हातात असला की पुढचं सगळं सोपं होतं.

आता विजेचं बिल काढा. त्यावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो. तिथे दोन-तीन किलोवॅट असतील आणि तुमचं डिसेंबरचं चित्र सात किलोवॅटचं असेल, तर भार वाढवून घ्यायला हवा. बहुतेक महाराष्ट्रात हा अर्ज महावितरणकडे, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर यांपैकी जिची वीज येते तिच्याकडे, गोव्यात वीज खात्याकडे. वाढीव भाराबरोबर सुरक्षा ठेवीची जादा रक्कम भरावी लागते, ती अंदाजात वेगळी लिहा. थ्री फेज घेतलं तर दर महिन्याचा स्थिर आकारही वाढतो. तेव्हा गरज नसताना, केवळ ‘पुढेमागे लागेल’ म्हणून ते घेऊ नये, असं माझं मत आहे. शेतघरात पंप आहे किंवा बंगल्यात चार एसी आहेत, तिथली गोष्ट वेगळी.

पायरी ३ : सर्किट मोजा, मग डबा निवडा

डीबीचा आकार ठरतो किती वेगळ्या लाइनी काढायच्या त्यावर. वर धरलेल्या फ्लॅटला मी अशा दहा लाइनी काढेन: दिवे-पंख्यांच्या दोन, स्वयंपाकघरातल्या सॉकेटची एक, इंडक्शनची एक, फ्रिजची एक, गीझरची एक, वॉशिंग मशीनची एक, एसीच्या दोन आणि हॉल-बेडरूमच्या १६ अँपिअरच्या सॉकेटची एक. दिव्यांच्या दोन लाइनी मुद्दाम ठेवल्या आहेत. एक पडली तरी घर पूर्ण अंधारात जात नाही. फ्रिज वेगळा ठेवला की गावाला जाताना बाकीचं घर बंद करून तो चालू ठेवता येतो.

सिंगल पोल (फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडणारा) एमसीबी डब्यातलं एक घर घेतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन दोन घेतो, आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा खटका) दोन. दहा, दोन आणि दोन मिळून चौदा झाले. दोन जागा रिकाम्या ठेवा, म्हणजे सोळा. दुकानात ‘१२ वे’ म्हटल्यावर एक कंपनी मेनची जागा धरून बारा देते, दुसरी मेनची सोडून बारा देते. म्हणून ‘आत एकूण मॉड्यूल किती बसतात?’ असंच विचारा. डबा मोठा घेतल्याने चार-पाचशे रुपये वाढतात. दोन वर्षांनी तिसरा एसी आल्यावर भिंत पुन्हा फोडण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

पायरी ४ : आत काय काय लागतं

एमसीबी वायरीला वाचवतो, उपकरणाला नाही. वायर जितकी सोसेल त्याच्या आतच एमसीबीचा आकडा असायला हवा. दिव्यांच्या दीड एमएमच्या लाइनीला ६ किंवा १० अँपिअर, अडीच एमएमच्या पॉवर लाइनीला १६, चार एमएमच्या एसी-गीझर लाइनीला २०. आपल्याकडे ‘एमएम’ म्हणतात ते प्रत्यक्षात चौरस मिलिमीटर असतात. एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ काढून ३२ चा बसवून देणारा माणूस तुमची कटकट मिटवत नाही, आग लागायची सोय करून देतो. असं सुचवणाऱ्याला काम देऊ नका.

एमसीबीवर आकड्याआधी बी किंवा सी असं अक्षर असतं. बी हा आपल्या आकड्याच्या तीन ते पाच पट प्रवाहाला क्षणात पडतो, सी पाच ते दहा पटीला. दिवे आणि गीझरला बी चालतो. सुरू होताना झटका घेणाऱ्या एसी, पंप, फ्रिजला सी. किमतीत फारसा फरक नाही, पण एसीला बी लावला तर तो उगीच पडत राहतो.

आरसीसीबीचं काम वेगळं. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो सतत ताडून बघतो. कमी आला म्हणजे कुठेतरी गळतोय, कदाचित माणसाच्या अंगातून. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलीअँपिअरचाच घ्या. १०० आणि ३०० चेही मिळतात, ते प्रामुख्याने आगीपासून बचावासाठी आहेत. ओल्या हाताने वॉशिंग मशीनला हात लावणाऱ्या माणसाला ते वाचवणार नाहीत. आरसीसीबी जादा लोडवर किंवा शॉर्टसर्किटवर पडत नाही. म्हणून त्याच्याआधी मेन एमसीबी हवाच. खर्च कमी करायचा असेल तर डबा साधा घ्या, पण आरसीसीबी गाळू नका.

मेनच्या जागी आयसोलेटर बसवलेला पुष्कळदा दिसतो. तो दिसायला एमसीबीसारखाच, पण नुसता चालू-बंद करायचा खटका आहे, जादा प्रवाहाला पडत नाही. कोटेशनमध्ये ‘मेन ४० अँपिअर’ एवढंच लिहिलं असेल तर एमसीबी की आयसोलेटर, हे लिहून घ्या.

कोकणात आणि गोव्यात, जिथे मे-जूनमध्ये वळवाच्या आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर विजा पडतात, तिथे सर्ज प्रोटेक्टरही (विजेच्या दाबाची अचानक आलेली उसळी जमिनीत वळवणारं साधन) धरावा. मोकळ्या वाडीतल्या घराला तर नक्कीच. मात्र त्याला चांगलं अर्थिंग लागतं. त्याशिवाय बसवलेला प्रोटेक्टर शोभेचा.

पायरी ५ : खरा खर्च भिंतीमागे

जुन्या बोर्डाचं झाकण काढलं की आत एक पितळी पट्टी दिसते, स्क्रूंची ओळ असलेली. ही न्यूट्रल लिंक. भोकं सहा असतात आणि वायरी अकरा-बारा. मग एकेका भोकात दोन-तीन तारा पिळून कोंबलेल्या असतात, काही बाहेरच पीळ मारून टेपने गुंडाळलेल्या. एखाद्या वायरीचं काळं आवरण टोकाकडे तपकिरी आणि ठिसूळ झालेलं असतं. वाकवलं की तडकतं, आत तांबं काळपट पडलेलं. ती वायर बोर्डापाशी चार इंच कापून चालत नाही कधीकधी, कारण आवरण भिंतीच्या आतपर्यंत कडक झालेलं असतं. पाइपातून ओढून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

कुठल्या लाइनीचा न्यूट्रल कुठला, हेही या गुंत्यात हरवलेलं असतं. फ्यूजबोर्डावर त्याने काही बिघडत नव्हतं. आरसीसीबी आला की बिघडतं. समजा, बेडरूमच्या दिव्याची फेज आरसीसीबीतून गेली, पण त्याचा न्यूट्रल जुन्या जोडणीतून मेनच्या आधीच मिळालेला आहे. आरसीसीबीला परतीचा प्रवाह दिसत नाही आणि दिवा लावताच तो पडतो. कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेले असतात. इन्व्हर्टर नंतर बसवलेल्या घरात तर हे नेहमीचंच: भारनियमनाच्या काळात घाईघाईने केलेल्या जोडणीत इन्व्हर्टरच्या लाइनींचा न्यूट्रल भलत्याच ठिकाणाहून घेतलेला असतो. घराला दोन आरसीसीबी लावायचे, म्हणजे एक पडला तरी अर्धं घर चालू राहील, ही कल्पना उत्तम. पण त्यासाठी दोन न्यूट्रल लिंका आणि दोन्हीकडचे न्यूट्रल काटेकोर वेगळे लागतात.

हे शोधून वेगळं करायला इलेक्ट्रिशियनचा अर्धा दिवस सहज जातो, कधी पूर्ण. कोटेशनमध्ये ही मजुरी नसते आणि भांडण नेमकं इथे होतं. आरसीसीबी पडत राहतो, घरातले वैतागतात, शेवटी ‘तात्पुरता’ म्हणून तो बायपास केला जातो आणि तसाच वर्षानुवर्षं राहतो. पैसे देऊन घेतलेलं संरक्षण डब्यात नुसतं बसून असतं. हे टाळायचं तर न्यूट्रल शोधायची मजुरी आधीच बोलून घ्या.

दर ठरवण्याआधी शंभर-दोनशे रुपये जास्त लागले तरी चालतील, पण मेगर (वायरीच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) लावून वायरींची चाचणी करून घ्या. ५०० व्होल्टचा मेगर लावल्यावर एक मेगओहमपेक्षा कमी दाखवणारी लाइन नव्या डीबीला जोडायची नाही. चाचणीआधी सगळी उपकरणं सॉकेटमधून काढावी लागतात. दहा लाइनींपैकी दोन वाईट निघाल्या की आठ, हे या तासाभरात कळतं आणि तुमचा अंदाज अंदाज न राहता हिशोब होतो.

अर्थिंगचं तसंच. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे त्यामागे वायर आहे असं नाही. दोन-तीन सॉकेट उघडून दाखवायला सांगा. फ्लॅटमध्ये अर्थची वायर इमारतीच्या सामाईक अर्थिंगला जाते, तेव्हा अर्थिंगचा खड्डा शेवटचा कधी तपासला हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. बंगल्याला स्वतःचा खड्डा लागतो. कोकणातल्या जांभ्या कातळावर किंवा देशावरच्या मुरमाड जमिनीत खणणं महाग पडतं, काळ्या मातीत स्वस्त. सहा ते दहा हजार धरून ठेवा आणि कातळ असेल तर आणखी.

पायरी ६ : मीटरपासून घरापर्यंत

मीटरपर्यंतची केबल, मीटर आणि त्याचं सील वीज कंपनीचं. मीटरनंतरचं सगळं आपलं, आणि खर्चही आपलाच. फ्लॅटमध्ये मीटर तळमजल्यावर असतो, तिथून वायर डक्टमधून (इमारतीतल्या वायरी-पाइपांच्या उभ्या पोकळीतून) वर येते. ही वायर कुणाच्या डोळ्यांसमोर नसते म्हणून अंदाजातून सुटते.

जुन्या इमारतीत ती बहुधा चार किंवा सहा एमएमची असते. सहा एमएमच्या तांब्याच्या वायरीवर ३२ अँपिअरच्या वर मेन लावणं बरोबर नाही. आपण तर ४० धरला आहे. त्याला दहा एमएम हवी. म्हणजे एक तर ३२ चा मेन लावून गीझर चालू असताना मशीन लावायचं नाही अशी घरात शिस्त ठेवायची, नाहीतर वायर बदलायची. दोन्ही पर्याय योग्य आहेत. फक्त ४० चा मेन बारीक वायरीवर बसवणं चुकीचं. डक्टमध्ये काम करायला सोसायटीची परवानगी लागते, ती आधी घ्या.

पायरी ७ : आता आकडे मांडा

खालचे भाव मी मध्यम प्रतीच्या कंपन्यांच्या मालाचे, कर धरून, उदाहरणासाठी घेतले आहेत. तांब्याचा भाव हलला की वायरीचा भाव हलतो. तेव्हा तुमच्या गावच्या दोन दुकानांत विचारून आकडे बदला, रीत तीच ठेवा. स्विचगिअरच्या (एमसीबी, आरसीसीबी वगैरे मालाच्या) छापील किमतीवर चांगली सूट मिळते. छापील किमतीने कोणी बिल लावत असेल तर घासाघीस करायला लाजू नका.

डबा आणि आतला माल:
– सोळा मॉड्यूलचा, दोन दारांचा लोखंडी डबा : २२०० रुपये
– डबल पोल मेन एमसीबी, ४० अँपिअर : ९००
– आरसीसीबी, ४० अँपिअर, ३० मिलीअँपिअर : २४००
– सिंगल पोल एमसीबी १० नग, २२० प्रमाणे : २२००
– लिंका, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण), टेप, तुकडा वायर, स्क्रू : ८००

हे झाले ८५०० रुपये. भिंतीत खाच पाडून डबा बसवणं, जोडणी आणि न्यूट्रल शोधणं यांची मजुरी ३५००. त्यानंतर गवंडी आणि रंगाचा हात १५००. एकूण १३,५००. फोनवर मिळणारा आकडा साधारण इथेच थांबतो.

पुढे मेन वायर. घर तिसऱ्या मजल्यावर, मीटरपासून डीबीपर्यंत २२ मीटर. फेज आणि न्यूट्रल मिळून दहा एमएमची ४४ मीटर, १६० रुपये मीटरने ७०४०. अर्थची वायर २२ मीटर, ७० प्रमाणे १५४०. पाइप आणि क्लॅम्प १२००, मजुरी २५००. हे १२,२८०.

मग दोन नव्या लाइनी, इंडक्शन आणि वॉशिंग मशीनच्या. डीबीपासून प्रत्येकी बारा मीटर, तीन वायरी. म्हणजे ७२ मीटर, ४५ रुपयांनी ३२४०. पट्टी आणि मजुरी २५००. हे ५७४०.

तिन्ही मिळून ३१,५२०. मला यात सांगायचं ते हे: डबा आणि त्यातला सगळा माल मिळून एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडासाच जास्त आहे. कोणत्या कंपनीचा एमसीबी घ्यायचा यावर लोक आठवडाभर चर्चा करतात आणि फरक पडतो पाच-सातशेचा. मेन वायर बदलायची की नाही, यावर कुणी विचार करत नाही आणि तिथे बारा हजार उभे असतात.

वर पंधरा टक्के हाताशी ठेवा, म्हणजे साधारण ४७००. जुन्या घरात काही ना काही निघतंच. एकूण छत्तीस हजारांची तयारी ठेवली की काम अर्ध्यावर अडत नाही. मेगरची चाचणी आधी झाली असेल तर हे पंधरा टक्के दहावर आणायला हरकत नाही. भार वाढवण्याची ठेव आणि बंगल्याचं अर्थिंग यात धरलेलं नाही.

थ्री फेज बंगल्याला मेन आणि आरसीसीबी चार पोलचे लागतात आणि ते बरेच महाग. डबाही मोठा. तिथे न्यूट्रलच्या जोडणीत तडजोड करू नका. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब जाऊ शकतो आणि घरातला टीव्ही, फ्रिज, एलईडी दिवे एका फटक्यात जळतात. जादा दाबाला बंद होणारं यंत्र बसवणं मी तिथे आवश्यकच मानतो.

पायरी ८ : कोटेशन मागवा, पण यादी तुमची

तिघांना बोलवा आणि तिघांना तुमच्याच वहीतली यादी द्या. प्रत्येकाने आपापल्या मनाने माल धरला तर तीन कोटेशनांची तुलनाच होत नाही. माल आणि मजुरी वेगळी लिहून मागा. एमसीबीची कंपनी, आकडा आणि बी की सी, वायरीची कंपनी आणि एमएम, न्यूट्रल वेगळे करण्याची मजुरी, भिंत बुजवणं कोणाकडे, जुना माल कोण नेणार, हे सगळं कागदावर हवं. काढलेल्या तांब्याच्या वायरीला भंगारात चांगला भाव येतो, तो तुमचा आहे.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. तसा नियमच आहे आणि भार वाढवायच्या अर्जाला त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. परवाना क्रमांक कोटेशनवरच लिहून मागा. शेजारचा ओळखीचा मुलगा हाताने हुशार असेल, पण तो हा रिपोर्ट देऊ शकत नाही.

माल आला की खोक्यासकट बघा. आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकून तपासता येतो. एमसीबी आणि नावाजलेल्या वायरींचे नकली नग बाजारात फिरतात, तेव्हा पक्कं बिल घेतल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका.

पायरी ९ : कामाच्या दिवशी

घर सहा-आठ तास विजेविना राहणार. आदल्या दिवशी पाणी भरून ठेवा, फ्रिज रिकामा करत आणा, घरात ऑक्सिजन मशीन किंवा तशा उपकरणावर कुणी असेल तर दुसरीकडे सोय करा. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर हे काम काढू नका. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

जोडणी होताना एवढं बघा: प्रत्येक वायरीच्या टोकाला लग दाबून मगच ती स्क्रूखाली जाते आहे का, एका स्क्रूखाली एकच वायर आहे का, एमसीबींना फेज देण्यासाठी सलग तांब्याची बसबार पट्टी वापरली आहे की वायरीचे तुकडे एकातून दुसऱ्यात फिरवले आहेत. बसबार हवी. तुकड्यांची साखळी सैल झाली की पहिल्याच एमसीबीपाशी जळते.

मजुरीचा शेवटचा हप्ता चाचणी झाल्यावर द्यायचा, हे आधीच ठरलेलं असू द्या. चाचणी अशी: आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर तो लगेच पडला पाहिजे. मग सगळे एमसीबी चालू करून, घरातला प्रत्येक दिवा, पंखा, सॉकेट एकेक करून लावून बघायचा. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करून त्याच्यावरही. मग डिसेंबरातली सकाळ उभी करा: गीझर, इंडक्शन, मशीन एकदम अर्धा तास चालू ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटर लावून मेनवर किती अँपिअर जातात ते वाचायला सांगा. तुमच्या वहीतल्या ३१ च्या आसपास आकडा आला आणि कुठलीही जोडणी तापत नसेल, तर उरलेले पैसे द्या. त्याआधी डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला कोणता एमसीबी कशाचा, याची मराठीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट, मालाची बिलं आणि वॉरंटीचे कागद एका पाकिटात घाला. आरसीसीबीचं बटण पुढे महिन्यातून एकदा दाबायचं. विजेचं बिल भरायच्या दिवशी दाबलं की लक्षात राहतं.